उत्सवाचा कर्ता : १८९७ चा शिवराज्याभिषेकोत्सव आणि त्याची वाचने

१८९७ च्या जून महिन्यात पुणे शहराने दहा दिवसांच्या अंतराने दोन राजोत्सव पाहिले. १२ जूनला छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा उत्सव झाला. २२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाल्याचा समारंभ गणेशखिंडीच्या सरकारी निवासस्थानी झाला. दुसऱ्या समारंभाहून परतताना रँड आणि आयर्स्ट या दोन अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि पुढे पहिल्या उत्सवाचा ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकातील वृत्तान्त, त्याच अंकातील एका कवितेसह, मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा पुरावा म्हणून वाचला गेला. इतिहासग्रंथांतून ही हकीकत पुन्हा पुन्हा सांगून झाली आहे. मराठी समीक्षेने मात्र ती बहुधा पार्श्वभूमी म्हणूनच वापरली. वास्तविक सामुदायिक उत्सवाची संहिता कशी घडते, तिचा अर्थ कोणी ठरवावयाचा आणि तिचे कर्तृत्व कोणाकडे जाते, हे साहित्यविचाराच्या गाभ्याचे प्रश्न त्या सप्टेंबरात भर न्यायालयात लढविले गेले. त्या लढ्यात फिर्यादी पक्षाने जी वाचनपद्धती वापरली तीच पुढे आपल्या गौरवपर इतिहासलेखनाने निमूटपणे चालू ठेवली, असे येथे दाखवावयाचे आहे.

उत्सवाकडे वळण्यापूर्वी त्याच्या विषयाकडे पाहणे आवश्यक आहे. १६७४ च्या ज्येष्ठात रायगडावर झालेला राज्याभिषेक ही एकच एक संहिता नव्हती. गागाभट्टांच्या विधीची एक संहिता आहे. तिचा सारा भर शास्त्रप्रामाण्यावर, म्हणजेच अभिषेकाचा अधिकार सिद्ध करण्यावर आहे. त्याच वर्षी आश्विन शुद्ध पंचमीला निश्चलपुरी गोसाव्यांनी तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक केला, आणि त्यांची बाजू मांडणारा ‘राज्याभिषेककल्पतरु’ पहिल्या विधीतील उणिवा आणि अपशकुन एकेक करून सांगतो. सभासदाची बखर १६९७ ची, म्हणजे सोहळ्यानंतर तेवीस वर्षांची, जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेली. राजधानी हातून गेलेली असताना लिहिणाऱ्याने सिंहासनाच्या सोन्याचा आणि दानधर्माचा तपशील मण व होनांत का मोजावा, हे त्या परिस्थितीतूनच समजते. इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्या नोंदीतही सिंहासन आणि नजराणे आहेत, पण त्याचे चित्त आपल्या व्यापारी कलमांच्या मंजुरीकडे आहे. या चार वाचनांत राजा एक असला तरी सोहळा चार प्रकारचा आहे. ‘राज्याभिषेकाचा उत्सव’ असे जेव्हा आपण म्हणतो तेव्हा यांपैकी कोणत्या सोहळ्याचा, हा प्रश्न आधी उपस्थित व्हावयास हवा. तो १८९७ मध्येही झाला नाही, आणि त्यानंतर तर जवळजवळ झालाच नाही.

१८९७ च्या उत्सवाची सर्वांत विलक्षण गोष्ट हीच आहे. तिथी राज्याभिषेकाची निवडली गेली (आदल्या वर्षीचा रायगडावरील उत्सव जन्मतिथीचा होता), परंतु व्याख्यान आणि त्यावरील चर्चा झाली ती अफझलखानाच्या वधावर. म्हणजे १६७४ च्या दिवशी १६५९ ची घटना बोलली गेली. हा विषयांतराचा प्रकार नाही. इंग्रज इतिहासकारांनी त्या वधाला खून म्हटले होते, आणि खून हा शब्द दंडसंहितेतील आहे. एखादे कृत्य खून ठरते ते त्याच्यावर निवाडा देणारी सत्ता अस्तित्वात असेल तेव्हा. राज्याभिषेक म्हणजे ज्याच्यावर निवाडा चालत नाही अशा सत्तेची प्रतिष्ठापना. पंधरा वर्षांनी झालेला अभिषेक मागे वळून प्रतापगडच्या पायथ्याशी घडलेल्या कृत्याचा अर्थ बदलतो. ते एका जहागीरदारपुत्राचे कृत्य न राहता राजाचे कृत्य होते. वक्त्यांना हे तर्काच्या भाषेत मांडावे लागले नाही. तिथीच्या निवडीनेच ते मांडले होते. सामुदायिक उत्सवाचे वैशिष्ट्य असे की त्यातील सर्वांत महत्त्वाचे विधान कोणाच्याही भाषणात सापडत नाही. ते दिवस, स्थळ आणि क्रम यांच्या जुळणीत असते.

भाषणांत मात्र एकमत नव्हते, आणि याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. प्राध्यापक भानू, प्राध्यापक जिनसीवाले आणि अध्यक्ष या नात्याने टिळक अशी तिघांची भाषणे वृत्तान्तात येतात. त्यांच्यातून निदान तीन वेगळ्या युक्तिवादांच्या वाटा दिसतात. पहिली वाट श्रेष्ठ आणि कनिष्ठ कर्तव्यांच्या तुलनेची : मोठ्या कर्तव्यासाठी लहान कर्तव्य बाजूला सारले तर दोष कोणता? दुसरी उदाहरणांची : सीझर आणि नेपोलियन यांच्या हातून झालेल्या संहाराबद्दल युरोप त्यांना खुनी म्हणत नाही, फ्रेंच राज्यक्रांतीतील लोकांनी आपण वाटेतील काटे दूर केले असे म्हटले, मग हाच न्याय महाराष्ट्राला का नाही? या दुसऱ्या वाटेत प्रतिपक्षाचे मापच प्रमाण मानले जाते; फक्त ते सर्वांना सारखे लावा, एवढीच मागणी असते. टिळकांची वाट तिसरी. खानाला मारण्याचा बेत महाराजांनी आधी केला होता असे क्षणभर गृहीत धरले तरी, असे म्हणून ते ऐतिहासिक पुराव्याचा वादच बाजूला ठेवतात, गीतेचा आधार घेतात, आणि श्रोत्यांना दंडसंहितेच्या कक्षेबाहेर येऊन विचार करावयास सांगतात. दुसऱ्या वाटेवरील वक्ता समान न्याय मागतो, तर टिळक न्यायासनच बदलतात. एकाच व्यासपीठावरील या दोन भूमिका एकमेकींना पूरक नाहीत. खोलात गेले तर त्या परस्परविरोधी आहेत. बाख्तिन ज्याला बहुध्वनिकता म्हणतो ती कादंबरीत लेखकाच्या योजनेने येते. उत्सवात ती योजनेवाचून, एका वक्त्यामागून दुसरा उभा राहतो एवढ्यानेच येते.

कवितेचा प्रकार आणखी निराळा. त्याच अंकात छापलेल्या या रचनेत शिवाजी महाराज जागे होऊन आपल्या देशाची आजची अवस्था पाहतात आणि गडकोटांची पडझड, बाहेर वाहून जाणारी संपत्ती, दुष्काळ, रोगराई, गोवध यांबद्दल विचारणा करतात. रचनेखाली कवीचे नाव नाही. आहे ती भवानी तलवारीवरून घेतलेली सही. बोलणारा राजा, सही त्याच्या शस्त्राची, आणि लिहिणारा अदृश्य : उत्सवाच्या वातावरणाला हे साजेसेच आहे, कारण उत्सवात कोणीतरी महाराजांच्या वतीने बोलत असतो आणि ऐकणारे ते बोलणे महाराजांचेच म्हणून ऐकतात. काव्य म्हणून ही रचना सामान्य आहे. परंतु तिच्यातील एक युक्ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. भाषणांतील शिवाजी महाराज आरोपी आहेत आणि वक्ते त्यांचे वकील. कवितेत महाराजच प्रश्न विचारतात आणि वर्तमान राज्यव्यवस्था उत्तर देण्यास बांधली जाते. उत्सवाच्या भाषणांना जे बचावाच्या पवित्र्यामुळे साधले नाही ते या अनामिक पद्याने साधले.

हे सारे ‘केसरी’च्या पानांवर उतरले तेव्हा त्याचे स्वरूप बदलले. वृत्तान्त हा मराठी गद्यातील एक स्वतंत्र आणि समीक्षेने उपेक्षिलेला प्रकार आहे. निबंध, कादंबरी, नाट्यपरीक्षण यांचा उगम आपण शोधत बसतो, पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सभा, व्याख्यान, उत्सव यांचे वृत्तान्त लिहिणाऱ्यांनी बोलल्या गेलेल्या भाषेला लेखी भाषेत आणण्याचे जे काम केले त्याकडे वळून पाहत नाही. बोलणाऱ्याचा आवाज, मध्येच उठलेली टाळी, श्रोत्यांची चुळबूळ हे सर्व गळते आणि उरतो तो विधानांचा क्रम. शिवाय वृत्तान्तलेखक निवड करतो, संक्षेप करतो, एका वक्त्याचे दहा मिनिटांचे बोलणे दोन वाक्यांत मांडतो, आणि ही दोन वाक्ये वक्त्याची की त्याची, हे सांगण्याचे त्याच्यावर बंधन नसते. म्हणजे न्यायालयापुढे आलेली संहिता ही उत्सवाची नव्हतीच. ती उत्सवाच्या एका वाचनाची होती. आणि तीही इंग्रजी भाषांतराच्या रूपाने.

८ सप्टेंबर १८९७ ला न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे खटला सुरू झाला. आरोपी दोन : संपादक व मालक म्हणून टिळक, आणि छापखान्याचे व्यवस्थापक. मिशेल फूकोने ‘लेखक म्हणजे काय?’ या १९६९ च्या व्याख्यानात असे प्रतिपादन केले आहे की लेखनाला लेखक चिकटले ते लेखन शिक्षेस पात्र होऊ लागले तेव्हा. मालकीच्या आधी दंड आला. हे विधान मराठी चर्चेत बहुतेक वेळा पाश्चात्त्य सिद्धांताचा एक नमुना म्हणून उद्धृत होते. १८९७ चा खटला हे त्याचे आपल्या भूमीवरील जवळजवळ शब्दशः उदाहरण आहे. तीन वक्ते, एक अनामिक कवी, एक वृत्तान्तलेखक आणि जमलेला समुदाय या सर्वांच्या बोलण्याला आणि मौनाला न्यायालयाने एक कर्ता दिला. व्याख्यान ज्यांचे होते ते आरोपी नव्हते. कवितेची सही भवानीची होती, पण भवानीवर समन्स बजावता येत नाही. व्यवस्थापक निर्दोष सुटले, आणि उरलेल्या एका माणसाच्या हेतूत सर्व आवाजांचे विलिनीकरण झाले.

स्ट्रेची यांनी ज्यूरीला केलेले निवेदन वाचनशास्त्राचा दस्तऐवज म्हणून वाचण्यासारखे आहे. सुटी वाक्ये काढून अर्थ लावू नका, लेखन समग्रपणे वाचा. लेखकाचा हेतू त्या लेखनाच्या स्वाभाविक परिणामावरून ताडा. काळ, स्थळ आणि वाचकवर्ग ध्यानात घ्या. ही सूत्रे कोणत्याही साहित्यशिक्षकाने वर्गात सांगावीत अशी आहेत. अफझलखानाच्या वधाची चर्चा ही खरोखरीची ऐतिहासिक व नैतिक चर्चा आहे की त्या मिषाने दुसरेच काही सांगितले जात आहे, हा त्यांनी ज्यूरीपुढे ठेवलेला प्रश्नही वाङ्मयीनच आहे, कारण तो रूपकाविषयीचा प्रश्न आहे. अडचण सूत्रांत नव्हती. ती होती ‘केसरी’चा सामान्य वाचक कसा वाचील हे ठरविणाऱ्यांत. स्टॅन्ली फिश याच्या परिभाषेत बोलायचे तर अर्थ हा अन्वयकर्त्या समुदायाच्या संकेतांतून सिद्ध होतो. येथे ज्या समुदायाच्या संकेतांचा विचार करावयाचा होता त्याच्या वतीने निर्णय देणारे बहुसंख्य लोक त्या समुदायाबाहेरचे होते. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी ज्यूरींनी निर्दोष. पुराव्याच्या तपशिलावर मते फुटली असती तर ती इतकी सरळ रेषेत फुटली नसती. फुटली ती वाचनाच्या संकेतांवर.

आणि ‘डिसअफेक्शन’ या शब्दाचा अर्थ! स्ट्रेची यांनी तो ‘प्रीतीचा अभाव’ असा केला, आणि त्यात द्वेष, वैर, तिटकारा असा सर्व प्रकारचा दुर्भाव, मग तो कितीही अल्प असो, समाविष्ट केला. मराठीत या कलमाला रूढ झालेला ‘राजद्रोह’ हा शब्द यापुढे फार जड वाटतो. द्रोहाला कृती लागते, निदान कट तरी लागतो. प्रीतीच्या अभावाला काहीच लागत नाही. येथे दोन राजोत्सवांचा संबंध पुन्हा जुळतो. २२ जूनचा समारंभ हा प्रजेच्या प्रीतीचा जाहीर देखावा होता; असे समारंभ प्रीती व्यक्त करतात की ती आहे असे गृहीत धरून तिची सक्ती करतात, हा प्रश्न त्यांच्या स्वरूपातच आहे. १९५३ च्या एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकानंतर शिल्स आणि यंग या समाजशास्त्रज्ञांनी त्या सोहळ्यात ब्रिटिश समाजाचे नैतिक ऐक्य प्रत्ययास आले असे लिहिले, आणि पुढे बर्नबॉमने तो निष्कर्ष म्हणजे समाजशास्त्राने राजवाड्याला वाहिलेली फुले आहेत अशा आशयाची टीका केली. १८९७ चे पुणे त्या वादाआधीच बर्नबॉमच्या बाजूने उभे होते, असे म्हणावयास हरकत नाही. ज्या शहराने नुकताच प्लेग आणि रँडच्या प्लेग कमिटीचा कारभार अनुभवला होता, त्याने आपली प्रीती कोठे ठेवली आहे हे दहा दिवस आधी जाहीर केले होते. एका राजाचा उत्सव करणे हेच दुसऱ्या राजसत्तेविषयीच्या प्रीतीच्या अभावाचे विधान ठरू शकते. या मर्यादेत स्ट्रेची यांचे वाचन चुकीचे नव्हते, हे आपण मान्य केलेले बरे.

शिक्षा अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढे मॅक्सम्युलरादिकांच्या रदबदलीनंतर टिळक १८९८ च्या सप्टेंबरात सुटले. त्याच वर्षी कलमाची दुरुस्ती होऊन स्ट्रेची यांचा विस्तृत अर्थ कायद्यात आला.

त्यानंतर मराठी इतिहासलेखनाने काय केले? त्याने निकाल उलटा केला, पण वाचनपद्धती तशीच ठेवली. ‘टिळकांनी सुरू केलेला शिवोत्सव’, ‘टिळकांनी जनजागृतीसाठी उत्सवाचे साधन वापरले’ ही पाठ्यपुस्तकी वाक्ये पाहावीत. ज्या एककर्तृत्वावर फिर्यादी पक्ष उभा होता तेच येथे गौरवाचे अधिष्ठान झाले आहे. दोष होता तेथे श्रेय आले, एवढाच फरक. हॉब्सबॉम आणि रेंजर यांच्या १९८३ च्या संपादित ग्रंथानंतर ‘परंपरेचे कल्पन’ ही संकल्पना आपल्याकडे आली आणि तिने शिवोत्सवाचे वाचन अधिक चिकित्सक केले, यात शंका नाही. परंतु तिच्यातही कल्पिणारा कोणीतरी चतुर योजक असतो आणि बाकीचे त्याच्या योजनेत सामील होणारे. गौरव आणि चिकित्सा या दोन्ही टोकांना उत्सवातील समुदाय हा कर्म राहतो, कर्ता होत नाही.

समुदायातील एक वाचक मात्र आपल्याला निश्चितपणे ठाऊक आहे. दामोदर हरी चापेकर या तरुणाने शिवोत्सवासाठी रचलेल्या श्लोकांचा आशय असा की महाराजांची कथा भांडांसारखी गाऊन स्वातंत्र्य मिळत नाही. हे उत्सवातच म्हटलेले उत्सवाविरुद्धचे वाक्य आहे. चापेकरांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात सभा-व्याख्यानांच्या पुढाऱ्यांविषयीचा तुच्छभाव ठिकठिकाणी प्रकट होतो, आणि त्यातून टिळकही सुटत नाहीत. सरकारला उत्सव आणि २२ जूनची हत्या यांच्यात कार्यकारणभाव दिसला. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालाने तर आपल्या कथनाची सुरुवातच या उत्सवांपासून केली. चापेकरांच्या शब्दांचा विचार केला तर नाते उलट असल्याचे जाणवते. उत्सवाने प्रेरणा दिली यापेक्षा उत्सवाने निराशा केली, भाषणे ऐकून समाधान मानणाऱ्या सभेचा उबग आला, हे त्या वाचनाचे सूत्र आहे. एककर्तृक वाचनात या विसंवादाला जागाच नाही. त्यात चापेकर टिळकांचे साधन तरी होतात किंवा शिष्य तरी.

त्याचबरोबर समुदाय म्हणजे सर्व समाज, असे समजण्याचे कारण नाही. रौलट अहवालाने उत्सवाच्या मागे एका जातीचे कारस्थान पाहिले. ते वाचन द्वेषमूलक होते, तरी त्याने ज्या जागेवर बोट ठेवले ती जागा रिकामी नव्हती. १८९७ च्या व्यासपीठावर बोलणारे पुण्याचे पांढरपेशे विद्वान होते. १६७४ च्या विधीतील खरा संघर्ष अफझलखानाशी नव्हता. तो अधिकाराचा होता. वेदोक्त अभिषेकाचा अधिकार कोणाला, क्षत्रियत्व कोण ठरविणार, या प्रश्नासाठी गागाभट्टांना पाचारण करावे लागले. राज्याभिषेकाच्या तिथीला हा प्रश्न उच्चारलाही जाऊ नये, याला योगायोग म्हणता येत नाही. महात्मा फुले यांनी १८६९ मध्ये आपल्या पवाड्यात शेतकऱ्यांचा राजा म्हणून महाराजांचे वाचन केले होते; उत्सवाच्या वृत्तान्तात त्याचा मागमूस नाही. आणि दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, कोल्हापुरात वेदोक्त प्रकरण उभे राहिले. तेथे राज्याभिषेकाची ती अनुच्चारित बाजू शाहू छत्रपतींच्या मागणीच्या रूपाने परत आली आणि १९०१ मध्ये ‘केसरी’ने त्या मागणीविरुद्ध लिहिले. १८९७ चा उत्सव आणि १९०१ चे अग्रलेख एकत्र वाचले तर दिसते ते असे : परकीय सत्तेपुढे राजाच्या कृत्यावर निवाडा चालत नाही असे म्हणणारी लेखणी, त्याच राजाच्या वंशजाच्या धर्माधिकाराचा प्रश्न आला तेव्हा निवाड्याच्या आसनावर जाऊन बसली.

२०२३ मध्ये ३५० व्या वर्षारंभाच्या निमित्ताने रायगडावर २ जूनला तिथीप्रमाणे आणि ६ जूनला तारखेप्रमाणे असे दोन सोहळे झाले. याला गोंधळ म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी १६७४ चे दोन अभिषेक आठवावेत. उत्सव एकच असावा, त्याचा अर्थ एकच असावा आणि त्याचा धनी एकच असावा, ही अपेक्षा उत्सवाच्या स्वरूपातून येत नाही.

टिळकांवर मात्र १८९७ चा परिणाम टिकून राहिला. १९०८ च्या खटल्यात कोणताही उत्सव, कोणताही दुसरा वक्ता, कोणतीही टोपणनावाची कविता नव्हती. होते ते ‘केसरी’चे अग्रलेख. त्यांनी स्वतःच आपला बचाव चालविला आणि सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी करताना एकेका मराठी शब्दाची छटा, त्याचे प्रतिशब्द, त्याचा वाक्यातील जोर यांवर प्रश्न विचारले. ज्यूरीपुढच्या त्यांच्या प्रदीर्घ भाषणातही भाषांतराचा मुद्दा वारंवार येतो. अकरा वर्षांपूर्वी अनेकांच्या आवाजांचा कर्ता ठरविला गेलेला माणूस आता आपल्या शब्दांचा कर्ता म्हणून, आणि त्या शब्दांचा टीकाकार म्हणून, त्याच न्यायालयात उभा होता. ज्यूरी सात विरुद्ध दोन अशी फुटली.